गाडीतला ॲम्प सारखा बंद पडतोय? बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाडीतल्या म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर मधेच बंद पडणं हा काही मोठा सार्वजनिक प्रश्न नाही हे मला मान्य आहे, तरी पण हे पत्र पाठवतोय कारण माझ्या ओळखीतल्या तीन-चार जणांनी एकापाठोपाठ एक असे चांगले चालणारे ॲम्प काढून टाकले, आणि त्यातल्या एकाच्या गाडीत जुना फ्यूज सारखा उडतो म्हणून दुप्पट अँपिअरचा फ्यूज टाकला होता, तिथे बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर वितळून वायरला चिकटलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. गाडी पेटली नाही एवढंच. तुमच्या वाहनांच्या पानावर नव्या गाड्यांबद्दल भरपूर येतं, पण गाडीत आधीपासून आहे ते नीट कसं ठेवायचं ह्यावर फार कमी येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी माझंच सांगतो. डिक्कीत सबवूफर (फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर) आणि त्याला एक ५०० वॅटचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) ॲम्प. पहिले काही महिने मस्त चाललं, मग हळूहळू असं व्हायला लागलं की जोराचा बास आला की आवाज गायब, ॲम्पचा निळा दिवा विझायचा आणि दोन-तीन सेकंदांनी आपोआप परत लागायचा. हळू आवाजात काही त्रास नाही. रात्री हेडलाइट आणि एसी चालू असले की जास्त वेळा व्हायचं, आणि इंजिन बंद ठेवून गाणी लावली तर पहिल्या मिनिटातच. ज्यांनी सिस्टिम बसवली होती त्यांच्याकडे नेली, त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले आउटपुट गेलंय, ॲम्प बदला. मीटर लावला नाही, डिक्कीतलं कार्पेट उचललं नाही, काही नाही. मी बदलला. नवा ॲम्प तिसऱ्या दिवशी अगदी तसाच बंद पडायला लागला. जुना मी एका मित्राला दिला होता आणि तो त्याच्या गाडीत आजही एकदाही बंद न पडता चालतोय, ह्यावरून काय ते समजा.

नव्यातही तेच झाल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की दोन वेगळे ॲम्प एकाच पद्धतीने बंद पडतायत म्हणजे भानगड ॲम्पच्या बाहेर आहे. हे खरं तर पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. ॲम्प स्वतःहून बंद होतो तेव्हा बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, त्याला काहीतरी सहन होत नाहीये म्हणून तो स्वतःला वाचवत असतो. आत प्रोटेक्शन सर्किट असतं, ते व्होल्टेज फार खाली गेलं तर, करंट फार वाढला तर, उष्णता फार झाली तर किंवा स्पीकरच्या वायरमध्ये शॉर्ट असेल तर ॲम्प बंद करतं. आपलं काम एवढंच की ह्यातलं नेमकं काय त्याला नको झालंय ते शोधायचं, आणि त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

मोजायचं कसं ते नीट सांगतो कारण सगळी मेख इथेच आहे. लोक गाडी नुसती उभी असताना ॲम्पच्या टर्मिनलवर मीटर लावतात, १२.५ व्होल्ट दिसतात आणि म्हणतात सप्लाय ठीक आहे. तसं मोजून काही उपयोग नाही. करंट वाहत नसेल तर वायर कितीही खराब असली तरी दुसऱ्या टोकाला व्होल्टेज पूर्णच दिसणार, नळ बंद असताना पाइपातला दाब पूर्ण दिसतो तसं. मोजायचं ते ॲम्प काम करत असताना. मी ५० हर्ट्झचा सलग टोन, म्हणजे एकसारखा खोल घूं आवाज लावला, इंजिन चालू ठेवलं, आवाज जरा मोठा केला आणि पटापट वाचन घेतलं, टोन एकावेळी काही सेकंदच चालू ठेवायचा नाहीतर सबवूफरची कॉइल तापते. गाण्यावर मोजलं तर मीटरला बासचे झटके पकडता येत नाहीत, तो हळू असतो, त्याच्यावर ११.५ दिसत असतात आणि प्रत्यक्षात क्षणभर १० च्या खाली गेलेलं असतं, म्हणून टोन.

तर बॅटरीच्या टर्मिनलवर १३.६ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर आणि बॅटरी दोन्ही ठणठणीत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ च्या आसपास असायला हवं आणि एवढा लोड असताना १३.६ अजिबात वाईट नाही. आणि डिक्कीत ॲम्पच्या टर्मिनलवर? ११.१. अडीच व्होल्ट रस्त्यात गायब. आवाज अजून थोडा वाढवला आणि १०.२ ला जाऊन ॲम्प बंद. अनेक ॲम्प १० ते ११ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी हात वर करतात, माझाही तिथेच करत होता.

मग ते अडीच व्होल्ट कुठे गेले ते शोधायचं. मीटर डीसी व्होल्टवरच ठेवायचा, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूवर (ॲम्पमधला करंट ह्या अर्थच्या वायरने बॉडीच्या पत्र्यात आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जातो), टोन चालू. डिक्कीपर्यंत पोचायला मी मीटरच्या प्रोबला एक लांब वायर जोडली होती, ती बारीक चालते कारण तिच्यातून करंट जवळपास जातच नाही. इथे खरं तर ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. मला दिसले १.९. मग पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह तसंच मोजलं, ०.६, आणि त्यातले ०.४ एकट्या फ्यूज होल्डरवर. बेरीज करून बघा, हिशोब बरोबर जुळतो. आता १.९ चे अजून तुकडे केले, बॅटरी निगेटिव्ह ते डिक्कीतल्या बॉडीचा मोकळा पत्रा ०.१ आणि पत्रा ते ॲम्पचा स्क्रू १.८. म्हणजे चोर सापडला, तो अर्धा मीटर वायर आणि तिच्या टोकाच्या एका बोल्टमध्ये होता.

बोल्ट खोलला तेव्हा काय दिसलं ते सांगतो. वायरला लावलेलं थिंबल (टोकाची धातूची कडी) थेट गाडीच्या रंगावर ठेवून बोल्ट आवळला होता, रंग खरवडलेलाच नव्हता. थिंबलच्या खाली गोल चकतीसारखा रंग जसाच्या तसा शाबूत, फक्त बोल्टच्या आट्यांना लागून थोडी धातूची चमक, आणि एका बाजूला नखाएवढा भाग तपकिरी होऊन फुगलेला, जळलेला. सगळा करंट त्या आट्यांमधून वाट काढत जात होता. ५०० वॅटचा क्लास डी ॲम्प, त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीकडून ६२५ वॅट घेतो, १३.८ व्होल्टला म्हणजे साधारण ४५ अँपिअर. ४५ अँपिअर वाहत असताना १.८ व्होल्ट पडायला फक्त ०.०४ ओहम रेझिस्टन्स पुरतो, एवढासा रेझिस्टन्स साध्या मीटरच्या ओहमच्या रेंजवर नीट दिसतसुद्धा नाही, म्हणून तर तिथे सगळे फसतात, मीटरची कंटिन्युइटीची (जोड सलग असल्याची) बीप वाजते आणि अर्थ ठीक आहे असं वाटतं. आणि १.८ गुणिले ४५ म्हणजे ८१ वॅट. साध्या सोल्डरिंग आयर्नची उष्णता २५ वॅटची असते हो, त्याच्या तिप्पट उष्णता कार्पेटखाली एका बोल्टवर तयार होत होती. हे कळल्यावर मला खरंच धस्स झालं, कारण त्याच डिक्कीला लागून मागच्या सीटवर घरची मुलं बसतात.

दुरुस्ती काय केली तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं, हे प्रत्येक कामाआधी करायचंच. मग बोल्टच्या भोवतीचा रंग पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला, वायर बदलून जाड घेतली, नवं थिंबल नीट दाबून घेतलं आणि आवळल्यावर वरून रंगाचा एक हात दिला म्हणजे गंज चढणार नाही. सीट बेल्टचा बोल्ट अर्थसाठी कधीही वापरू नका, तो जीव वाचवायला आहे, त्याच्यात थिंबल आणि वॉशर घुसवून त्याची पकड बिघडवायची नाही. फ्यूज होल्डर पण बदलला, जुन्याच्या आत तांब्यावर हिरवट थर होता. परत टोन लावून मोजलं तर अर्थच्या बाजूला ०.१५, पॉझिटिव्हला ०.२ आणि ॲम्पवर १३.२ च्या वर. तो ॲम्प त्या दिवसापासून एकदाही बंद पडलेला नाही.

वायरबद्दल एक गोष्ट. बाजारात ज्या जाडजूड, मऊ, रंगीत वायरी मिळतात त्यातल्या पुष्कळ वायरींत आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा असतो. टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी चमक दिसली की समजायचं. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के, म्हणजे तेवढ्याच जाडीत व्होल्टेज जास्त पडणार. शिवाय बाहेरून अंगठ्याएवढी दिसणारी वायर आतून बारीक असू शकते, सगळं रबर. ८ गेज म्हणजे साधारण ८ चौरस मिलिमीटर आणि ४ गेज म्हणजे २१, एवढा फरक आहे, आणि बॅटरीपासून डिक्कीपर्यंतचं अंतर पाच-सहा मीटर सहज होतं. ४०-५० अँपिअरला एवढ्या अंतरावर मी तरी ४ गेज खरं तांबंच घेईन.

आणि तो कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा डबा. ॲम्प बंद पडतो म्हटलं की बरेच जण एक फॅरडचा कपॅसिटर लावायला सांगतात. साधा हिशोब करा, एक फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत २६ ज्यूल ऊर्जा देतो, ५०० वॅट ओढणाऱ्या ॲम्पला ती सेकंदाच्या विसाव्या भागापुरती पुरते. अर्थ खराब असेल तर ह्याने रोग बरा होत नाही, फार तर थोडा झाकला जातो आणि बोल्ट तापायचा तो तापतच राहतो.

प्रत्येकाचा दोष अर्थिंगचाच असेल असं माझं म्हणणं नाही. बंद कधी पडतो, कसा पडतो हे बघितलं की अर्धं निदान तिथेच होतं. पहिल्यांदा दिवा बघा. लाल किंवा प्रोटेक्टचा दिवा लागला असेल तर ॲम्पने स्वतः निर्णय घेतलाय. कुठलाच दिवा नसेल तर त्याला पुरेसा सप्लाय किंवा रिमोटच्या वायरचा इशारा मिळत नाहीये. ही रिमोटची बारीक वायर, बहुतेक वेळा निळी किंवा निळ्यावर पांढरी रेघ, स्टिरिओकडून १२ व्होल्ट आणून ॲम्पला चालू हो म्हणते, ती कुठे लूज असेल तर गाडी खड्ड्यात आदळली की ॲम्प बंद, आणि माणूस मात्र मोठ्या वायरी तपासत बसतो. दोन-तीन ॲम्प आणि वर पंखा असं सगळं त्या एका वायरवर लटकवलं तर स्टिरिओला ते झेपत नाही, मधे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकावा.

माझ्या भाच्याच्या गाडीतलं दुखणं वेगळं होतं. वीस-पंचवीस मिनिटं व्यवस्थित चालायचं, मग बंद, पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू. हात लावला तर ॲम्पच्या पत्र्यावर हात ठेवता येईना. सीटखाली, वरून कार्पेट टाकून बसवला होता, हवा जायला वावच नाही, आणि गेनचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवलेला. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे हे कितीही सांगितलं तरी कमी आहे. स्टिरिओमधून येणारा सिग्नल आणि ॲम्प ह्यांची पातळी जुळवायला तो असतो. तो जास्त ठेवला की सिग्नलची टोकं कापली जातात, आवाज फाटतो, ॲम्प जास्त तापतो आणि स्पीकरच्या कॉइलही जळतात. आम्ही बास आणि ट्रेबल मधोमध ठेवले, स्टिरिओचा आवाज पाऊण केला, गेन शून्यापासून हळूहळू वाढवला आणि आवाज जिथे फाटायला लागला त्याच्या जरा मागे आणून सोडला. ॲम्प कार्पेटच्या वर काढून चारी बाजूंनी मोकळा ठेवला. झालं, एक नवी वस्तू न घेता काम झालं.

अजून एक हमखास प्रकार म्हणजे स्पीकरची जोडणी. पुष्कळ सबवूफरना दोन व्हॉइस कॉइल असतात, त्या प्रत्येकी ४ ओहमच्या असतील तर पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात, सिरीज जोडल्या की ८. ॲम्पवर ब्रिज करून (दोन चॅनेल एकत्र जोडून) किमान ४ ओहम असं लिहिलेलं असताना त्याला २ ओहम लावले तर तो दुप्पट करंट ढकलायला जातो आणि थोडा आवाज वाढला की प्रोटेक्टमध्ये. ॲम्पपासून वायर काढून मीटरने ओहम मोजा, ४ ओहमची कॉइल मीटरवर ३.२ ते ३.६ च्या आसपास दिसते, ते बरोबरच आहे, १.६-१.७ दिसले तर समजायचं की २ ओहमची जोडणी आहे.

आणि दार. दाराच्या बिजागरीपाशी जिथून स्पीकरची वायर आत जाते तिथे ती रोज चिमटली जाते, एक दिवस आवरण फाटतं आणि तांबं पत्र्याला टेकतं. दार अमुक कोनात असलं की ॲम्प बंद, लावलं की चालू, असले चमत्कारिक प्रकार ह्याच्यामुळे. स्पीकरच्या वायरी ॲम्पकडून काढायच्या, स्पीकर पण सुटा करायचा, आणि एकेक वायर ते बॉडी ओहम मोजत दार उघडझाप करायचं, मीटरने एकदा जरी आकडा दाखवला तरी ती वायर बदला.

आता ॲम्प खरंच गेलाय का हे कसं ओळखायचं, कारण तेही होतंच. ॲम्पचे सगळे स्पीकर काढा, आरसीए (स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या वायरी) पण काढा, फक्त पॉझिटिव्ह, अर्थ आणि रिमोट ठेवा. एवढ्यावर आणि पुरेशा व्होल्टेजवरही लाल दिवा लागत असेल तर आत काहीतरी गेलंय, बहुधा मॉसफेट (आतले करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर), आणि तो दुरुस्तीला न्यायची वेळ आली. हिरवा किंवा निळा लागून शांत राहिला तर एकेक स्पीकर परत जोडत जा, ज्याला जोडल्यावर लाल होईल त्याच्या वायरमध्ये किंवा कॉइलमध्ये दोष. ही चाचणी दहा मिनिटांची आहे. मला ॲम्प बदलायला सांगणाऱ्यांनी ही दहा मिनिटं दिली असती तर माझे तीन महिने आणि एका ॲम्पचे पैसे वाचले असते. सगळेच बसवणारे असे नसतात हे मला माहीत आहे, मन लावून काम करणारी माणसंही मी पाहिली आहेत, पण गिऱ्हाईकाने विचारलंच पाहिजे की लोडवर व्होल्टेज किती आलं. आकडा सांगता आला नाही तर मोजलेलंच नाही.

आणि शेवटी ज्या फ्यूजमुळे हे पत्र लिहायला बसलो तो. बॅटरीजवळचा मोठा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. बॅटरीपासून निघालेली पॉझिटिव्ह वायर वाटेत कुठे पत्र्याला घासून टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, तेव्हा फ्यूजने वायर तापायच्या आत उडायला हवं, म्हणून तो बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत लावायचा आणि वायरला झेपेल त्यापेक्षा मोठा कधीही टाकायचा नाही. ४० चा उडतो म्हणून त्याच वायरवर ८० चा टाकला तर आता फ्यूजच्या आधी वायर जळणार, आणि ती वायर सीटखालून, कार्पेटखालून जाते. इंजिनच्या बाजूने आत येताना पत्र्याच्या भोकात रबराचं बुश आहे का तेही बघा, नसेल तर आजच लावा. सुरुवातीला ज्या वितळलेल्या होल्डरबद्दल लिहिलं त्या गाडीत ना बुश होतं ना बरोबर फ्यूज, आणि तिथेही ॲम्प एकदम चांगला होता, तो मी माझ्या टेबलावर लावून तासभर चालवून पाहिला.

पत्र लांबलंय ह्याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर कपॅसिटर, गेन, दार काहीही गाळा, पण लोडवर मोजायचा आणि हा फ्यूजचा एवढे दोन परिच्छेद कृपया तसेच छापा.

आपला,
एक नियमित वाचक